शेनीचा बांध

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की तुझ्या आजीचं बोलणं आता कमी झालंय, तेव्हापासून डोक्यात एकच चाललंय, म्हणून मेसेज न करता सविस्तर लिहितोय.

आमचे आजोबा आठवतात ना तुला? पावसाळ्यात पडवीत बसले की सुरू व्हायचं, "शेनीचा बांध... अलीकडं आमी, पलीकडं जर्मन, मधी नदी." आम्हा पोरांना वाटायचं की कुठल्यातरी बांधावर शेणी थापल्यात त्याचं काहीतरी सांगतायत. एकानेही विचारलं नाही रे. ते जाऊन 20 वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात नामदेव जाधवांच्या व्हिक्टोरिया क्रॉसबद्दल, म्हणजे इंग्रजांच्या सगळ्यात मोठ्या शौर्यपदकाबद्दल, वाचताना त्या नदीचं नाव दिसलं. सेनियो. इटलीत. कितीतरी वेळ नुसता बसून होतो.

जाधव नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा पलटणीत कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. दुसरं महायुद्ध, 9 एप्रिल 1945, सेनियोच्या दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले उंचच उंच बांध, त्यात मशीनगन लावलेल्या आणि खाली सुरुंग पेरलेले. या माणसाने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं, मग परत जाऊन एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या, हाताला जखम झाली तर बंदूक टाकून ग्रेनेड फेकले, आणि शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. आजोबा "बांध" म्हणायचे तो हाच. शब्द अगदी बरोबर होता, आम्हीच ऐकला नाही.

मला एक गोष्ट फार लागलीय. जे तिकडेच पडले त्यांचं निदान नाव तरी सापडतं. माणगावकडचे यशवंत घाडगे, 10 जुलै 1944 ला गेले तेव्हा 22 वर्षांचे होते, त्यांचं नाव इटलीतल्या कसिनोच्या स्मारकावर आहे, 2023 मध्ये मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळही उभारलं. इटलीत आपले 5,782 सैनिक मारले गेले, त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) साइटवर शोधता येतात, पुष्कळदा बापाचं नाव आणि गावसुद्धा मिळतं. पण जे परत आले, आणि गुपचूप नांगर धरला, त्यांचं काय? 25 लाखांची फौज होती ती. त्यांची यादी कुठल्या दगडावर असणार? ती आपल्या घरातच, आणि घरातलं माणूस गेलं की तीही गेली.

आणि ते गप्प का राहिले हेही समजून घे. आपला सातारा. इकडे पत्री सरकार जोरात आणि घरचा माणूस इंग्रजांच्या पलटणीत! स्वातंत्र्य आल्यावर ते कुणाला सांगणार होते आणि कोण ऐकणार होतं. बऱ्याच जणांना युद्ध संपल्यावर घरी पाठवलं, पेन्शनसुद्धा नाही. म्हणून मला आजीचं ऐकायचंय. मनीऑर्डर यायची का, पत्र कोण वाचून दाखवायचं, गावातले काय बोलायचे, तुझे आजोबा परत आले तेव्हा तिने ओळखलं का? हे कुठल्याच रेकॉर्ड ऑफिसात नाही.

तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत तो सहा टोकांचा तारा आहे ना, त्याची फीत बघ. लाल, पांढरी, हिरवी असेल तर तो इटली स्टार, म्हणजे आपले दोघे आजोबा एकाच मुलखात होते. पण ब्रासो लावून चकचकीत करू नकोस, आहे तसाच आजीच्या हातात दे, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू ठेव आणि गप्प बस. एका दिवसात सगळं काढायला जाऊ नकोस, दमली की थांब.

मी रविवारी येतोय, पण माझ्यासाठी थांबू नकोस, आजच सुरू कर. आणि तुझ्या पोरांना सांग, मधे कुणी तिला दुरुस्त करायचं नाही. ती शेनी म्हणाली तर शेनीच लिहून घ्या.

तुझाच,
मी