नाट्यगृह उभं राहील, त्याच्या आसऱ्यानं जगणाऱ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली त्याला 8 ऑगस्ट 2025ला एक वर्ष झालं. त्या निमित्तानं वर्तमानपत्रांत फोटो आले, पुन्हा बांधायचं काम कुठवर आलंय त्याच्या बातम्या आल्या, कलावंतांनी मनातलं दुःख बोलून दाखवलं. मी ते सगळं वाचलं आणि ते दुःख खरं आहे हेही मला ठाऊक आहे. पण या वर्षभरात नाट्यगृहाच्या आसपास पोट भरणाऱ्या माणसांचं काय झालं, याबद्दल कुठं दोन ओळी आल्या नाहीत. त्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझी मंगळवार पेठेत घरगुती खानावळ आहे. सासूबाईंनी सुरू केलेली, आता मी आणि माझी जाऊ चालवतो. मुंबई-पुण्याचं नाटक कोल्हापुरात आलं की कलाकारांचं आणि बॅकस्टेजच्या मुलांचं जेवण बहुतेक वेळा आमच्याकडून जायचं. स्थानिक व्यवस्थापकाचा आदल्या दिवशी फोन यायचा: "वहिनी, उद्या पंचवीस पानं, त्यात आठ शाकाहारी." एवढ्यावर आमचं काम सुरू.

नाटकाच्या मंडळींना जेवण देणं हे लग्नाची पंगत वाढण्यापेक्षा फार वेगळं असतं. ज्यांना गायचंय त्यांना तिखट नको, दही नको, तळलेलं नको. मुख्य भूमिकेतली माणसं प्रयोगाआधी फारसं खात नाहीत, त्यांचा डबा रात्री अकरानंतर लागतो. सेट लावणारी मुलं सकाळपासून राबलेली, त्यांना दुपारी भाकरी आणि सुकं मटण गरम लागतं. कोल्हापुरात आलेल्या प्रत्येकाला तांबडा-पांढरा हवाच असतो. पांढरा रस्सा फार नाजूक. अळणी पाण्यात, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात, नारळाचं दूध पडलं की त्याला उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर तो फुटतो. मग रात्री अकराला तो गरम कसा द्यायचा? सासूबाईंनी काढलेली युक्ती अशी, की अळणी पाणी, खसखस आणि काजूचं वाटण वेगळं न्यायचं, दूध वेगळ्या बरणीत, आणि रंगपटाच्या मागच्या बाजूला शेगडीवर मंद आचेवर तिथल्या तिथं एकत्र करायचं. नाव घेतल्यावर घराघरांत ओळखले जातात असे नट त्या शेगडीपाशी वाटी घेऊन उभे राहिलेले मी पाहिलेत. एका ज्येष्ठ अभिनेत्रीनं माझ्या जावेकडून कृती लिहून घेतली होती.

हे सगळं आगीनंतर थांबलं. शाहू स्मारक भवनात कार्यक्रम होतात, इतर सभागृहांतही होतात, पण मोठ्या सेटच्या नाटकाला ते रंगमंच लहान पडतात. दौरे आखताना कोल्हापूर वगळून पुढं जायचं असं कितीतरी निर्मात्यांनी केलं, आणि त्यांचाही इलाज नव्हता. आमची खानावळ विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या डब्यांवर चालते, म्हणून आम्ही तरलो. सगळ्यांचं तसं नाही.

दाराशी गजरे घेऊन बसणाऱ्या मावशींचं बघा. रविवारी संध्याकाळचा प्रयोग म्हणजे त्यांच्या आठवड्याची कमाई. आता त्या महाद्वार रोडला बसायला जातात, पण तिथं आधीपासून बसणाऱ्या बायकांचं गिऱ्हाईक आपण तोडतोय याचं त्यांना वाईट वाटतं. मध्यंतराला चहा पोचवणारा पोरगा आता एका मोबाईलच्या दुकानात आहे. नाटकाचे बोर्ड हातानं रंगवणारे एक गृहस्थ आमच्या गल्लीत राहतात. फ्लेक्स आल्यावर त्यांचं काम कमी झालं होतं, पण हौशी संस्था आणि राज्य नाट्य स्पर्धेतले संघ अजून त्यांच्याकडून पडदे, देवळाचे खांब, झाडं रंगवून घ्यायचे. तालमी कमी झाल्या तसं तेही काम आटलं. भाड्यानं लाईट देणारे, दागिने आणि केसांचे टोप देणारे, सेटचा टेम्पो उतरवणारे हमाल, रात्री प्रयोग सुटल्यावर घरी सोडणारे रिक्षावाले, आणि खासबागेजवळच्या खाऊ गल्लीतले भेळवाले, वडेवाले. प्रयोग संपला की निम्मं नाट्यगृह त्या गल्लीत उतरायचं. गल्लीत गिऱ्हाईक आजही आहे, शहरातली माणसं भेळ खायला येतातच. पण रात्री साडेअकराला शेकडो माणसं एकदम बाहेर पडण्यानं जो धंदा व्हायचा, तो गेला.

या लोकांची नुकसानभरपाई कुणी मागितली नाही, त्यांनीही नाही. नाट्यगृह जळालं त्या रात्री हीच माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, 9 ऑगस्ट. कोल्हापुरात जन्मलेला, ललितकलादर्श ही नाटक मंडळी उभी करणारा आणि जेमतेम एकतिसाव्या वर्षी गेलेला हा माणूस, आणि त्याच्या जयंतीच्या आदल्या रात्री त्याच्या नावाच्या वास्तूच्या नुसत्या दगडी भिंती उरल्या. तेव्हा कुणाला स्वतःच्या हातगाडीचं काय होणार हे सुचलं नव्हतं.

शाहू महाराजांनी हे नाट्यगृह 1915 साली बांधलं, पॅलेस थिएटर म्हणून. त्याच्या शेजारी खासबागेचं कुस्ती मैदान त्याच्या तीन वर्षं आधीचं. भाषणांत हे आपण नेहमी ऐकतो. पण महाराजांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला या प्रश्नात जास्त महत्त्वाची वाटते. गंगाराम कांबळे हे तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातले, महाराजांच्या पदरी नोकर होते. पाण्याला शिवल्याच्या रागातून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळ्यांचं चहाचं हॉटेल उभं राहिलं. गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवायचे, भर रस्त्यात चहा घ्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावायचे. एका हॉटेलवाल्याचा धंदा चालावा म्हणून राजा रस्त्यावर उभा राहिला. महाराज गेल्यावर त्यांचं पहिलं स्मारक उभारायला पुढं झाले तेही गंगाराम कांबळेच, नर्सरी बागेत.

नाट्यगृह बांधणारा आणि चहाच्या हॉटेलसमोर थांबणारा राजा एकच होता. त्याला कला आणि धंदा या दोन वेगळ्या खात्यांतल्या गोष्टी वाटल्या नाहीत. त्याच काळातल्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते, आणि त्याच बाबूरावांनी पुढं कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. मराठी सिनेमा कोल्हापुरात वाढला त्याचं मूळ पडदे रंगवणाऱ्यांच्या दुकानात आहे. म्हणून आमच्या गल्लीतल्या बोर्ड रंगवणाऱ्या गृहस्थांचं काम बंद पडणं मला किरकोळ वाटत नाही.

आता त्याच भाऊसिंगजी रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. ते यावं म्हणून इथल्या वकिलांनी कित्येक वर्षं आंदोलन केलं. मी त्यांच्या मोर्च्याला पाणी वाटायला गेले होते आणि 18 ऑगस्टला काम सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. सहा जिल्ह्यांचे पक्षकार येणार म्हणून लॉज, हॉटेलं, झेरॉक्सची दुकानं नव्यानं रंगताहेत. कोर्टाच्या आसपासच्या जागांचं भाडं वाढल्याचं ऐकते. या निमित्तानं पार्किंग, रस्ते, बसची सोय यांवर बैठका झाल्या, ते चांगलंच झालं. जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखीच चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये दाखवली, तेव्हाही शहर एकवटलं. 2019 सालच्या भौगोलिक मानांकनाचा दाखला देऊन दाद मागितली, आणि कंपनीला चपलेचं मूळ मान्य करावं लागलं. म्हणजे मनावर घेतलं तर या शहराला कारागिराची बाजू घेता येते. नाट्यगृहाभोवतीच्या माणसांसाठी एकही बैठक झालेली मला माहीत नाही.

बैठक घेणार कोण, हाही प्रश्नच आहे. महापालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर 2020मध्ये संपली. तेव्हापासून ऑगस्ट 2025पर्यंत प्रशासकच आहेत. नगरसेवक असता तर गजरेवाल्या मावशींनी सकाळी त्याच्या दारात जाऊन बसायचं असतं. आमच्या भागातले माजी नगरसेवक भले आहेत, पण "आता माझ्या हातात काही नाही" हे त्यांचं उत्तर खोटं नाही. मी एका कार्यालयात विचारायला गेले होते, की काम पूर्ण झाल्यावर हातगाड्या पूर्वीच्या जागी लागू देणार का. तिथल्या साहेबांनी नीट बसवून ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आराखड्यात तसं काही नाही, नंतर बघू." त्या "नंतर बघू"ची मला भीती वाटते. नवी वास्तू झाली की तिच्यासमोर पेव्हिंग ब्लॉक येतात, कुंड्या येतात, साखळ्या येतात, आणि गाडीवाल्याला सांगितलं जातं की शोभा जाते, पुढं सरका. राज्यात बऱ्याच नाट्यगृहांसमोर असं झालेलं आहे. आतल्या कँटीनचा ठेका मोठ्या रकमेला एकाला जातो. तो रक्कम भरून काढायला चहाचा दर वाढवतो, आणि प्रेक्षक घरूनच खाऊन येतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या लोकांची जागा बांधकाम चालू असतानाच कागदावर आली पाहिजे. 2014 सालचा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या आहेत आणि त्यातल्या एकतृतीयांश बायकांच्या. सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही असंही त्यात आहे. पण नाट्यगृहाजवळचे कितीतरी विक्रेते आज मूळ जागेवर नाहीतच, कारण तिथं गिऱ्हाईकच नाही. उद्या पाहणी झाली तर "इथं तुम्ही नव्हताच" असं त्यांना सांगितलं जाईल. म्हणून आग लागण्याआधी इथं कोण बसत होतं त्याची नोंद आत्ताच व्हावी. शेजारचे दुकानदार, रिक्षा स्टॉपवरचे लोक, नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते साक्ष द्यायला तयार आहेत. मी विचारलंय.

दुसरं म्हणजे वास्तूच्या मागच्या बाजूला जेवण उतरवायची एक छोटी जागा, पाण्याचा नळ आणि ताटं धुवायची मोरी एवढं ठेवा. पूर्वी आम्ही बादलीनं पाणी न्यायचो. शेगडीसाठी सुरक्षित, वेगळा कोपरा आखून द्या. आगीनं इतकं नेल्यावर रंगपटाजवळ शेगडी नको, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. नियम आम्ही पाळू, पण जागाच नसली तर माणसं कुठंतरी आडबाजूला पेटवणार.

आणि भाडं. नव्या वास्तूचा खर्च मोठा आहे म्हणून भाडं वाढेल, असं सगळे गृहीत धरून आहेत. मोठ्या निर्मात्याला ते परवडेल. गिरणीत, बँकेत, शाळेत काम करून रात्री तालीम करणाऱ्या हौशी पोरांना परवडणार नाही, आणि ही पोरं थांबली की पडदे रंगवणारा, टोप देणारा, लाईटवाला यांच्यापैकी कुणीच उरणार नाही. शनिवार-रविवारच्या तारखा नाटकाला आधी मिळाव्यात. सत्कार, मेळावे आणि सेल यांना मधले वार पुरतात.

2025च्या ऑगस्टमध्ये हे लिहिताना महापालिकेची निवडणूक कधीही लागेल अशी स्थिती आहे. आमच्या पेठेत इच्छुकांचे बॅनर लागलेत आणि गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या मोठ्या आकड्यांच्या फाडल्या जाताहेत. प्रत्येक इच्छुक सांगतोय की नाट्यगृह आमच्या साहेबांमुळं उभं राहतंय. संपादक महाशय, आपली माणसं त्यांची मुलाखत घ्यायला जातील तेव्हा त्यांनी आमच्या वतीनं एवढंच विचारावं: आगीआधी नाट्यगृहाबाहेर बसणाऱ्या माणसांना तुम्ही त्याच जागी बसवणार का, हो की नाही? उत्तर नावासह छापावं. पूर्वीच्या विक्रेत्यांची यादी करायला आम्ही काही बायकांनी सुरुवात केली आहे. ती पूर्ण झाली की आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली विश्वासू,
एक खानावळचालक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर