लॅबमधल्या काकांना, ज्यांनी आधी वाकून बघितलं

काका, नमस्कार.

तुमचा मोबाइल बटणाचा, त्यामुळे हे कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हाच पोचणार. पण समोर येऊन बोलायला गेले तर मला रडू येईल, म्हणून लिहितेय. परवा स्टँडवर भेटलात तेव्हा माझ्या तोंडातून फक्त "थँक्यू हां काका" एवढंच निघालं, तुम्ही "कशाबद्दल?" म्हणालात आणि एसटीत चढलात पण. तर कशाबद्दल ते सांगते.

माझी लेक नववीत. लॅबमध्ये पाण्याचा उत्कलनांक काढायचा प्रयोग होता, हिला पाणी चांगलं खळखळ उकळत असताना रीडिंग आलं 96. सरांनी टेबलाजवळ न येताच वही मागवली, 96 वर लाल पेनाने काट मारली, शेजारी 100 लिहिलं आणि म्हणाले, पाणी शंभरला उकळतं हे पाचवीतल्या पोराला पण माहितीय, बोर्डात असं लिहिणार आहेस का? ती म्हणाली सर खरंच 96 दिसलं, तर म्हणे मग थर्मामीटर बिघडलाय नाहीतर तुझे डोळे. सगळा वर्ग हसला. "हिचं पाणी शहाण्णव कुळी आहे" असं कोणीतरी म्हणालं आणि दोन आठवडे पोरं तिला तेच चिडवत होती. सरांचं नाव मी लिहिणार नाही, शाळेचंही नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल.

आणि खोटं कशाला बोलू, मी पण काय वेगळं केलं? घरी येऊन तिने सांगितलं तर मी भाकरी थापता थापता म्हणाले, अगं सर म्हणतात तसं लिही ना बाई, मार्क कशाला घालवतेस. तिने लिहिलं 100. त्यानंतर ती जर्नल ताईच्या जुन्या वहीवरून उतरवायला लागली, उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण सगळं आधीच तयार, आणि प्रयोग नंतर. मला वाटलं पोरगी शहाणी झाली.

मग तो दिवस. तास संपला होता, सगळे गेले होते, ही बेसिनपाशी परीक्षानळ्या धुवायच्या निमित्ताने थांबलेली, आणि तुम्ही विचारलंत काय झालं. तिने सांगितलं. काका, तुम्ही हसला नाहीत, पुस्तक उघडलं नाहीत, "सरांना विचार" पण म्हणाला नाहीत. स्पिरिटचा दिवा परत पेटवलात, पाणी ठेवलंत, ते उकळायला लागल्यावर चष्मा कपाळावर सरकवलात, एका हाताने टेबलाची कड धरलीत आणि वाकलात. तुमचे गुडघे कसे आहेत ते अख्ख्या शाळेला माहितीय, जिना चढताना तुम्ही प्रत्येक पायरीला थांबता. तरी डोळा बरोब्बर पाऱ्याच्या रेषेत येईपर्यंत खाली गेलात, कारण वरून तिरकं बघितलं तर रीडिंग चुकतं. थोडा वेळ तसेच राहिलात आणि म्हणालात, "मला पण शहाण्णवच दिसतंय की."

लेक सांगते, आई, मला तेव्हाच बरं वाटलं, पुढचं नंतर.

पुढचं पण भारीच होतं म्हणा. थर्मामीटर खोटा असेल तर तो बर्फातही खोटंच बोलेल, म्हणून तुम्ही स्टाफरूमच्या फ्रिजमधला बर्फ आणून फोडलात, थोडं पाणी घालून त्यात थर्मामीटर ठेवलात, पारा शून्यावर. दुसरा थर्मामीटर काढलात, उकळत्या पाण्यात तो पण 96 च्या आसपास. "बिघडलाय" असं म्हणणं सोपं असतं, बिघडलाय का ते बघायला दहा मिनिटं लागतात, आणि ती दहा मिनिटं तुम्ही दिलीत, घरी जायची वेळ झालेली असताना. मग तिच्या वहीत, सरांच्या लाल खुणेला हात न लावता, वरच्या मोकळ्या जागेत पेन्सिलने लिहिलंत: ठिकाण पाचगणी. बस. आणि म्हणालात, पुस्तकातलं 100 खरंय बाळा, पण ते समुद्राकाठचं आहे, आपण डोंगरावर राहतो.

आपली पाचगणी 1300 मीटरच्या आसपास उंच. इथे हवेचा दाब कमी, वरून दाबणारं कमी म्हणून पाण्याची वाफ लवकर सुटते, साधारण दर 300 मीटरला एक अंश धरला तर हिशोब बरोबर तिथेच येतो. हे लेकीने मला ओट्यापाशी उभं राहून समजावलं आणि काका, मी गॅस बंद करून खाली बसले. कारण मी चिपळूणची. लग्न होऊन इथे आले तेव्हा घरात कुकर नव्हता, पातेल्यात तूरडाळ लावायचे आणि ती शिजायचीच नाही, माहेरी जेवढा वेळ लागायचा त्याच्या कितीतरी जास्त. सासूबाई म्हणायच्या कोकणातल्या पोरींना वरण जमत नाही. मी म्हणायचे इथलं पाणी जड आहे. कुकर आला आणि विषय मिटला, पण मनात राहिलं होतंच. 17 वर्षं! पाणी उकळतंय तरी ते चार अंशांनी कमी गरम आहे आणि डाळीला तेच कमी पडतंय, आच कितीही वाढवली तरी पाणी त्याच्या वर जाणारच नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पण तीच नववी शिकले होते की.

दिवाळीत लेकीने काय केलं माहितीय? बाबांच्या मागे लागून थर्मामीटर घेतला, पसरणी घाट उतरून वाईला मावशीकडे पाणी उकळलं तर 97 आणि 98 च्या मध्ये. पुढे चिपळूणला आजीच्या गॅसवर, जवळजवळ 100, एक केस खाली. आजी म्हणाली चहाला ठेवलंय ते पाणी, त्यात काय घालतेस! आलेखाच्या कागदावर तीन टिंबं आली, तिरक्या ओळीत, तो कागद आता फ्रिजवर लावलाय. मी म्हटलं आता महाबळेश्वरला पण जाऊन बघू, तर म्हणते आई, महाबळेश्वर आपल्यापेक्षा फार फार तर साठ-सत्तर मीटर उंच, आपल्या थर्मामीटरचं लघुतम माप, म्हणजे सगळ्यात छोटी खूण, एक अंशाची, फरक दिसायचाच नाही. हे "दिसायचाच नाही" ज्या तोऱ्यात म्हणाली ना, तो तोरा तुमच्यामुळे परत आलाय.

एक मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. ज्या सेल्सियसच्या नावाने आपण हे अंश मोजतो त्याने स्वतःच 1742 च्या आपल्या लेखात सांगितलं होतं की हवेचा दाब बदलला की उत्कलनांक बदलतो. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली की हो. आणि लेकीने तुमच्याकडून ऐकलेली ती रॅले नावाच्या शास्त्रज्ञांची गोष्ट मी दोनदा सांगायला लावली, हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनातून काढलेल्यापेक्षा अर्धा टक्का जड भरत होता. अर्धा टक्का! कोणीही काट मारली असती. त्यांनी मारली नाही, शोधत राहिले, आणि 1894 ला रॅम्झी या दुसऱ्या शास्त्रज्ञांच्या सोबतीने त्या अर्ध्या टक्क्यातून आर्गॉन हा नवाच वायू निघाला, पुढे दोघांना नोबेल. आमच्या सरांच्या वर्गात असते तर बिचाऱ्यांना जर्नलवर सही मिळाली नसती.

तशी माणसं आहेत म्हणा अजून. आमची बाजारातली भाजीवाली मावशी, वजन करायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते मलाच दाखवते, मी न विचारता. कोपऱ्यावरचा टेलर, माझं जुनं माप वहीत असलं तरी टेप काढतोच, म्हणतो ताई माणूस बदलतो. असल्यांना कोणी हार घालत नाही, आणि शाळेच्या गॅदरिंगला स्टेजवर तुमचं नाव कधी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. खुर्च्या मात्र तुम्हीच लावता.

सरांनी ती लाल काट अजून काढलेली नाही. लेक म्हणते राहू दे, खाली माझी तीन रीडिंग आहेत.

रविवारी जेवायला या. वरण पातेल्यातलंच करणार आहे, मुद्दाम, सकाळी लवकर लावून. गुडघ्यांसाठी हे तुम्हाला गाडीवर घ्यायला येतील, नाही म्हणू नका.

तुमची,
शहाण्णववालीची आई