खुरासणी फुलावर आली आहे

घोटी, सप्टेंबरअखेर

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला माझा खोकला तेवढा ऐकू येतो, मी काय सांगतेय ते नाही," आणि फोन ठेवलास. तू सांगितलेलं सगळं मी ऐकलं होतं. म्हणून हे पत्र फक्त तुझ्या प्रश्नावर लिहायचं, दुसरा विषय काढायचा नाही, असं तुझ्या आईला सांगून बसलोय.

आपण खुरासणीचं एक फूल म्हणतो तो खरं तर इवल्या इवल्या फुलांचा गुच्छ, कडेची प्रत्येक 'पाकळी'सुद्धा एक अख्खं फूलच. तुझा प्रश्न होता, ह्या एकाच गुच्छात कडेची फुलं नुसती मादी आणि आतली द्विलिंगी, म्हणजे नर-मादी दोन्ही, असं का? सगळीच द्विलिंगी का नाहीत?

काल सकाळी वरकसावर, डोंगरउताराच्या शेतात, गेलो होतो. वरचा सगळा उतार पिवळा झालाय. शाळेतलं जुनं भिंग बरोबर नेलं. कडेच्या आठ 'पाकळ्यां'पैकी एक उपटली. तळाशी इवलासा अंडाशय, वर पराग झेलणारी दुभंगलेली कुक्षी. पराग करणाऱ्या पुंकेसराचा मागमूसही नाही. मग आतलं एक नळीसारखं फूल चिमट्याने काढलं. त्यात पाच परागकोश कडेला कडा चिकटून त्यांचीच एक नळी झालेली, आणि कुक्षीचा दांडा, म्हणजे कुक्षीवृंत, त्या नळीतून बाटली घासायच्या ब्रशसारखा वर येत पराग बाहेर ढकलत होता. त्याच्या शेजारी आदल्या दिवशी उमललेलं फूल होतं, त्याच्या कुक्षीच्या दोन्ही फांद्या बाहेर वळलेल्या. म्हणजे आतलं फूल आधी नराचं काम उरकतं आणि मग मादीचं. इतकी वर्षं मुलांना फळ्यावर ही आकृती काढून दाखवली, पण असं एकापाठोपाठ एक कधी पाहिलं नव्हतं. सातेरीच्या माश्या माझ्या हाताला न जुमानता फुलांवर फिरत होत्या.

तू दगडीपाल्याचंही बोलली होतीस. तोही पाहिला, बांधावरच आहे. कडेची मोजकी पांढुरकी फुलं मादी, आतली पिवळी द्विलिंगी. लहानपणी तुझ्या गुडघ्यावर किती वेळा तो चोळून लावला असेल, पण भिंगाखाली कधी धरला नव्हता.

मला जे सुचतं ते असं. उमलणं बाहेरून आत होतं. कडेची फुलं आधी उघडतात तेव्हा आतली मिटलेली असतात, त्यामुळे त्यांना जो पराग मिळतो तो दुसरीकडूनच आलेला असणार. पुस्तकातलं उत्तर इथेच थांबतं, की स्वपरागण टळतं. पण वैशू, खुरासणीला स्वतःचा पराग मुळात चालतच नाही. ती परक्या परागावरच धरते. मग कडेच्या फुलांनी पुंकेसर सोडून काय मिळवलं? ह्याचा मी रात्री बराच वेळ विचार केला. एक असं असेल की त्यांना पाकळी मोठी करायची आहे. माशीला लांबून दिसायचं काम त्यांच्याकडे, त्याचा खर्च मोठा, म्हणून परागाचा खर्च वाचवला. दुसरं असं की स्वतःचा पराग चालत नसला तरी कुक्षीवर येऊन बसला की जागा अडवतोच. कडेच्या फुलांची कुक्षी निदान आपल्याच फुलातल्या परागाने भरत नाही. आणि तिसरं म्हणजे झाडाला बी किती धरायचं आणि पराग किती करायचा, ह्याचा हिशेब वेगवेगळा ठेवता येतो. मादी फुलं वाढवली की नुसतं बी वाढतं. ही तीनही कारणं एकाच झाडात कमीजास्त असू शकतील, आणि किती कमी किती जास्त हे मोजल्याशिवाय कळायचं नाही. तुझं काम ते मोजण्याचंच आहे ना? मला ते पटलंय. काका काहीही म्हणोत.

आपल्या घरातल्या तीन तेलबिया घे. आत्याकडून करडई येते, तिला कडेच्या पाकळ्या नाहीतच, सगळी फुलं नळीची आणि द्विलिंगी. सूर्यफुलाला कडेच्या पाकळ्या आहेत पण त्या वांझ, बी धरत नाहीत, नुसत्या बोलवायला. आणि खुरासणीच्या कडेला बी धरणाऱ्या माद्या. एकाच कुळात तीन घरं, तीन रीती. तुझ्या प्रबंधाची सुरुवात इथून करता आली तर बघ. गाइड मॅडमना आवडेल की नाही मला सांगता येत नाही, पण गावातल्या माणसाला विषय लगेच कळेल.

ग्राउंडसेल ह्या विलायती तणाचं तू सांगत होतीस तेही माझ्या लक्षात आहे. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या एट्ना डोंगरावरची त्याच्या नात्यातली एक जात ऑक्सफर्डच्या बागेत आणली, तिथून निसटून ती रेल्वेच्या रुळांकडेने ब्रिटनभर पसरली, आणि तिच्याशी संकर होऊन तिथल्या बिनपाकळीच्या ग्राउंडसेलमध्ये कडेच्या मादी फुलांचा गुण उतरला. आणि अशी पाकळीवाली झाडं परक्या परागावर जास्त बी धरतात, हे मोजून दाखवलंय. बघ, सगळं ऐकलं होतं. हे सांगताना मध्ये तू तीनदा थांबलीस. का थांबलीस ते लिहीत नाही.

पण गाजर गवताबद्दल लिहावं लागेल, तेही तुझ्या यादीत आहे. त्याच्या कडेला पाच मादी फुलं, आणि प्रत्येक बोंडात बिया पाचच. आतली फुलं दिसायला द्विलिंगी, पण त्यांचा अंडाशय कामाचा नाही, ती नुसता पराग करतात. म्हणजे खुरासणीने अर्धं केलं ते ह्याने पुरतं केलं, बी कडेला आणि पराग मध्ये. तुलनेसाठी ते हवंच, हे मला कळतं. पण त्याच परागाने आणि पानांवरच्या लवेने माणसांना दमा लागतो, अंगावर चट्टे उठतात. 1950 च्या दशकात तण म्हणून ते पहिल्यांदा नोंदलं गेलं ते तुमच्या पुण्यातच, आणि आज देशभर आहे. तू ते उघड्या हाताने उपटतेस. गणपतीत आलीस तेव्हा मनगटावरचं लाल मी पाहिलं होतं. हातमोजे घाल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, नाकातोंडाला मास्क बांध, नमुने खोलीत ठेवू नकोस, परत आलीस की आधी आंघोळ कर आणि कपडे वेगळे धू. एवढं शिकूनही हे कुणीतरी सांगावं लागतं?

असं लिहायचं नव्हतं. रागावू नकोस. तुझ्या वयाच्या मुलीला आंघोळ कर म्हणून सांगणं बरं नाही, हे मला समजतं.

पण तू आजीला शेवटी शेवटीच पाहिलंस. मी तिला त्याआधी पाहिलंय. पावसाळा संपत आला की ती रात्री भिंतीला टेकून बसून असायची, आडवी होता यायचं नाही. मी कंदील घेऊन शेजारी बसायचो आणि तिचा श्वास मोजायचो. सुरुवात अशीच झाली होती, साध्या खोकल्याने, आणि सगळे म्हणायचे हवा बदललीय. परवा तुझा आवाज ऐकला तेव्हा मला ती ओसरी दिसली, म्हणून तुझं बोलणं मध्येच तोडलं.

तू तिसरीत होतीस तेव्हा दसऱ्याचं तोरण करायला टोपलीभर झेंडू आणला होता. तू अर्धा झेंडू सोलून बसलीस आणि आई ओरडली. तू मला विचारलंस, ह्यात पिवळी पूड कुठेय? मी म्हणालो होतो, झेंडूला नसते. ते पूर्ण उत्तर नव्हतं. आपल्या तोरणातला तो भरगच्च गोंडा म्हणजे जवळजवळ सगळी कडेचीच फुलं असतात, मादी, म्हणून पूड सापडत नाही. एकेरी झेंडू दिला असता तर मध्ये सापडली असती. तुला तेव्हापासून हेच पाहायचं होतं असं मला वाटतं. आईला मात्र वाटतं की तू डॉक्टर झाली असतीस तर निदान स्वतःला तपासलं असतंस. तिचं मनावर घेऊ नकोस, शेजारच्या बाईला ती तुझं आणि खुरासणीचंच सांगत असते.

आता कामाचं. खुरासणी दसऱ्यापर्यंत फुलावर राहील, मग दाणा भरायला लागेल. तुला पुण्याहून यायला जमणार नसेल तर इथलं मी करतो. काही फुलांच्या कडेच्या पाकळ्या कात्रीने कापायच्या, काही तशाच ठेवायच्या, काही मलमलच्या पिशवीत बांधायच्या, आणि काढणीला कडेचं बी आणि आतलं बी वेगळं मोजायचं, असंच ना? की पाकळी कापताना कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही? लागला तर कडेच्या बियांचा आकडाच चुकेल, म्हणून हे आधी विचारतो. किती फुलं घेऊ, वरचा उतार घेऊ की पाटाकडचा तुकडा, आणि कुठल्या रंगाचा दोरा बांधू, ते नीट लिहून पाठव. विलासची पोरं मदतीला आहेत.

छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन ये आणि ते काय म्हणाले तेही त्याच कागदावर लिही.

तुझे,
बाबा