कंदिलाचा सांगाडा कोणी बांधायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारच्या अंकात मुलांच्या आकाशकंदील कार्यशाळेचा फोटो पाहिला. मुले गोड, कंदीलही देखणे. पण चष्मा पुसून नीट पाहिले तर सगळ्या कंदिलांच्या घड्या एकाच साच्यातल्या! म्हणजे पाकीट फोडायचे, आधीच कापलेला जाड कागद रेघेवर दुमडायचा, चिकटपट्टी सोलायची आणि लावायची. पंधरा मिनिटांत कंदील तयार. बातमीत 'स्वनिर्मितीचा आनंद' असे शब्द होते. निर्मिती कारखान्यात झाली, मुलांनी फक्त जोडणी केली.

मी गिरगावातल्या एका बाइंडिंगखान्यात ३४ वर्षे फर्म्यांच्या, म्हणजे पुस्तकाच्या छापील मोठ्या कागदांच्या, घड्या घातल्या. कागदाबाहेरचे मला फारसे कळत नाही, पण कागदातले कळते, म्हणून लिहिते आहे.

आपला पारंपरिक कंदील किती हुशारीने केलेला आहे पाहा. बुरुडाकडून आणलेल्या कामट्यांच्या ९ इंची २४ काड्या घ्यायच्या, त्यांचे ६ चौकोन बांधायचे. मग एक वर, एक खाली आणि चार मध्ये टोकावर उभे, असे कोपऱ्याला कोपरा जोडत गेले की मधल्या फटींतून ८ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्यांना वेगळी काडी लागत नाही. पण हा सांगाडा हातात धरला की लुळा पडतो, कारण चार काड्यांचा चौकोन डगमगतो, तीन काड्यांचा त्रिकोण डगमगत नाही. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यातून कोपऱ्यात एकेक काडी बांधायची. वरच्या काडीला बल्ब, खालच्या काडीला शेपट्या. मधल्या चार चौकोनांना ताठ करतो तो कागद! पतंगाचा एवढासा पातळ कागद, पण खळ वाळली की सगळा सांगाडा ताठ उभा राहतो. माझ्या नातवाला हे कळले तेव्हा त्याने चारदा दाबून पाहिले, 'आजी, आता हलत नाही!' भूमितीच्या तासाला एवढा आनंद झाल्याचे त्याने कधी सांगितलेले नाही.

खळीचेही तसेच. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरा रंग जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवायची. बाइंडिंगखान्यात कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागू नये म्हणून आम्ही चिमूटभर मोरचूद घालायचो. मुलांच्या हाती देताना ते अजिबात घालू नये, विषारी असते. कागद थोडा सैलच चिकटवायचा आणि वाळल्यावर फडके ओले करून बोटांनी तुषार उडवायचे. ओला कागद आधी लोळतो, बघणाऱ्याला वाटते बिघडले. तासाभराने टिचकी मारा, डफासारखा वाजतो.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या स्पर्धेत नातवाचा कंदील होता. एक चौकोन जरा तिरका, सजावटीच्या कागदी करंज्या एका बाजूला कमी. पहिला नंबर पाकिटातल्या कंदिलाला गेला, कारण याच्यात 'फिनिशिंग नाही'. मी काही बोलले नाही. घरी येऊन मात्र बरेच बोलले.

२०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा वाटले होते, आता कागदाचे दिवस येतील. आले ते प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेले 'कागदी' कंदील. कोपरा फाडून पाहा, पातळ कातडे ताणले गेले तर तो नुसता कागद नव्हे. (दुकानदार फाडू देत नाही, ही गोष्ट वेगळी.) 'कागद टिकत नाही' ही तक्रार नेहमीचीच. पूर्वी बल्बच्या धगीने कागद पिवळा पडायचा, हे खरे. आता एलईडीला तेवढी धग कुठे? २०१९ च्या दिवाळीत पाऊस आला तेव्हा आमच्या कंदिलाचा गुलाबी रंग सगळ्या गॅलरीभर ओघळला. पण सांगाडा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी दोन ताव आणले आणि पुन्हा मढवला. हा सांगाडा मी १९९१ मध्ये बाइंडिंगच्या मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेला. वर्षभर माळ्यावर असतो, दिवाळीला खाली येतो, जुना कागद पाण्याने सोडवला की नवा घ्यायला मोकळा.

ज्यांना वेळ नाही, जागा नाही त्यांनी जरूर विकत घ्यावा. माहीमच्या कंदील गल्लीत हाताने बांधलेले मिळतात, त्यातून चार पैसे बांधणाऱ्याच्या हातात जातात. माझे भांडण फक्त पाकिटाला कार्यशाळा म्हणण्याशी आहे.

येत्या रविवारी दुसरी कार्यशाळा आहे असे बातमीत म्हटले आहे. तिथे मुलांना पाकिटांऐवजी २६ काड्या, दोऱ्याचे रीळ आणि वाटीभर खळ द्या. वेळ एका तासाऐवजी तीन तास ठेवा. निम्मे कंदील वाकडे होतील, त्यांचाही फोटो छापा.

आपली,
एक निवृत्त बाइंडिंग कामगार,
डोंबिवली (पूर्व)