ओल्या फडक्यानं पुसलेला शेरमन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुक्तिसंग्राम दिनाच्या तुमच्या पुरवणीत आमच्या भागातल्या एका प्रदर्शनाचा फोटो आलाय, त्यात टेबलावर एक छोटा हिरवा रणगाडा दिसतो आणि खाली लिहिलंय ‘खेळण्यातला रणगाडा’. तो मी आणि माझ्या पुतण्यानं मिळून केलेला आहे, चार महिने गेलेत त्यात. खेळण्यातला म्हटल्याचं एवढं काही वाटलं नाही, प्लास्टिकचाच आहे शेवटी, पण फोटोत तो धुऊन काढल्यासारखा दिसतोय याचं लई वाईट वाटलं, कारण तो खरंच धुतला गेलाय. पाहुणे यायच्या आधी तिथल्या एका कार्यकर्त्यानं सगळी टेबलं पुसली आणि त्याच ओघात रणगाडा पण ओल्या फडक्यानं पुसून घेतला, वर आम्हालाच सांगितलं की ‘काका, लई धूळ बसली होती, साफ करून ठेवलंय’. पोराचा हेतू चांगला होता, भांडण नाही. पण ती धूळ बसलेली नव्हती ओ, बसवलेली होती.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज निजामाच्या हद्दीत शिरली, नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल धडधाकट ताब्यात मिळाला आणि त्याच दिवशी रणगाडे जळकोटवरून आमच्या उमरग्यापर्यंत आले. मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या त्या फौजेत अमेरिकन बनावटीचे शेरमन होते. तर आम्ही तो शेरमन केला, १/३५ मापाचा, म्हणजे खरा पावणेसहा-सहा मीटरचा रणगाडा इथं वीतभर पण भरत नाही. कल्पना अशी की गडी सडक सोडून कडेच्या वावरात उतरलाय आणि सप्टेंबरातली आपली काळी माती त्याच्या चाकांत भरलीय. आता ही माती चाकात भरल्यावर काय होतं हे उमरग्याच्या माणसाला सांगायला लागत नाही, माझं ट्रॅक्टर रिपेरिंगचं गॅरेज आहे, पावसाळ्यात निम्मा वेळ सळईनं माती खरवडण्यातच जातो.

खरं तर हे रंगवायचं काम मी गॅरेजमध्येच शिकलो म्हणा ना. पुतण्यानं मोबाईलवर बघून सुरुवातीला काय केलं तर जिकडं तिकडं तांबडा गंज फासला, रणगाडा कमी आणि भंगारातला पिंप जास्त. मी म्हणलं बाबा, १९४८ ला हे रणगाडे पाच-सहा वर्षांचे, रोज तेलपाणी होणारे, ह्यांना एवढा गंज कुठून येईल? जाड पोलादाला वरवर गंज येतो, सडतो तो पातळ पत्रा, मडगार्ड, सायलेन्सर. रंग उडतो तो जिथं माणूस पाय ठेवतो, हात घासतो, झाकण आपटतो तिथं. ट्रॅक्टरची पायरी बघा आणि बॉनेटची बाजू बघा, दोन्हीचं वय एकच पण पायरीचं लोखंड उघडं पडलेलं असतं आणि बॉनेट नुसतं उन्हानं फिकं झालेलं असतं. तेवढं बघितलं तरी अर्धं काम झालं.

रंग उडवायची युक्ती मात्र त्याची, ती मान्य करतो. आधी तांबूस तपकिरी रंग मारायचा, तो वाळला की वरून केसांचा हेअर स्प्रे दोन हात (आमचा शेजारच्या सलूनमधून आला), मग त्यावर लष्करी हिरवा अ‍ॅक्रिलिक. हिरवा वाळला की अर्ध्या तासात ओल्या ब्रशनं कडांना हळूच घासायचं, पाण्यानं खालचा स्प्रे विरघळतो आणि वरचा हिरवा टवके उडाल्यासारखा निघतो, अगदी खऱ्यासारखा. फक्त मापाचं भान पाहिजे, १ मिलिमीटरचा टवका म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर झाला, असे पन्नास टवके कुठला ड्रायव्हर पाडतो! त्यानंतर खाचांमध्ये टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर (गडद तपकिरी ऑइल कलर) सोडायचा, ऑइल कलर आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवला की त्यातलं तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि मग वाळल्यावर चमक राहत नाही. आणि चाकांवरून फिरणारा पट्टा. पहिल्यांदा पोरानं अख्खा पट्टा चांदी केला होता. आम्ही लावलेल्या शेरमनच्या पट्ट्याला रबरी ठोकळे आहेत, रबर कसं चमकेल? चमकतात त्या ठोकळ्यांना जोडणाऱ्या बाजूच्या लोखंडी कड्या, कारण पुढच्या चाकाचे दाते तिथं बसतात. त्यावर नुसती शिसपेन्सिल घासली, बास.

सगळ्यात जास्त वेळ मातीत गेला. ह्याच्या आधी त्यानं १९६५ च्या खेमकरणचा पॅटन, म्हणजे पाकिस्तानचा रणगाडा, केला होता, असल उत्तरच्या लढाईत आपल्या लोकांनी पाणी सोडून उसाची रानं भिजवली होती आणि त्यात ते पॅटन रुतले, तोच प्रसंग. आणि ह्यानं त्याला चिखल लावला आपल्या वावरातला, काळाभोर! पंजाबची नदीच्या गाळाची भुरकट माती आणि आपलं हे काळं रान, मी सगळा खरवडायला लावला, पोरगं दोन दिवस बोललं नाही. ह्या वेळेला मात्र आपलीच माती बरोबर होती म्हणून दोघंही खूश. पण खरी माती आहे म्हणून तशीच लावता येत नाही, अर्ध्या मिलिमीटरचा कण ह्या मापात पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो. वाळवून, खलबत्त्यात कुटून, मलमलीच्या फडक्यातून गाळून घेतली. काळी माती ओली असताना काळी असते पण वाळली की राखेसारखी करडी पडते आणि तिला भेगा पडून खपल्या निघतात, म्हणून चाकांच्या मधे ओला गडद गोळा, त्याच्यावर वाळलेली करडी खपली, आणि वर बुरुजाकडं (तोफ बसवलेल्या वरच्या भागाकडं) जाईल तशी नुसती धूळ, तीही पावसाचे ओघळ आल्यासारखी वरून खाली ओढलेली. वरून वार्निश मारलं असतं तर फडक्याला दाद दिली नसती हे खरंय, पण वार्निशनं धूळ गडद होते, करडेपणा जातो, म्हणून मुद्दाम मारलं नव्हतं. तेवढी चूक आमची धरा.

परीक्षकांचं पण ऐका. पुसायच्या आधी एका परीक्षकांनी वहीत शेरा लिहिला होता, ‘काम चांगले, स्वच्छता कमी’. म्हणजे चिखल होता तेव्हा स्वच्छतेचे मार्क कापले आणि पुसल्यावर फोटोत नुसतं हिरवं खेळणं उरलं. बाजूच्या टेबलावर थर्माकोलचा नळदुर्गचा किल्ला होता, त्याच्या दगडांवर कुणीतरी चांगलं शेवाळ काढलं होतं, ते कुणी घासलं नाही हे नशीब.

चूक दुरुस्त करा म्हणत नाही. पण पुढच्या वर्षी असा फोटो छापताना रणगाडा कुठला आणि कुठल्या सालचा एवढी एक ओळ टाका, ती माहिती आम्ही पुठ्ठ्यावर लिहून पुढंच ठेवली होती, तो पुठ्ठा पण पुसायच्या गडबडीत टेबलाखाली गेला. आणि संयोजकांनी ‘हात लावू नये’ची एक पाटी लावावी, नसेल तर आम्ही आमची घेऊन येऊ.

पुतण्यानं रणगाडा परत रंगवायला घेतलाय. माती पुन्हा आणलीय पण सध्या रान ओलं आहे, वाळायचं नाव नाही, म्हणून तव्यावर भाजून घेतोय. तवा कुणाला विचारून घेतला यावरून घरात वेगळंच चालू आहे.

आपला,
एक वाचक
उमरगा, जि. धाराशिव