देवळातली तापलेली फरशी आणि शुगरवाले पाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे, आम्ही बाबाच म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत आणि गेली १४ वर्षं त्यांना शुगर आहे. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा, संध्याकाळी चालायला जाणार म्हणजे जाणार, त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. एप्रिलमध्ये एका रविवारी आम्ही सगळे देवळात गेलो (नाव लिहीत नाही कारण सगळीकडे तेच आहे, आणि देवाशी माझं काही भांडण नाही). अभिषेक आटपेपर्यंत साडेबारा झाले, मग बाबांनी नेहमीसारख्या पाच प्रदक्षिणा घातल्या. आम्ही बाकीचे पहिलीच जेमतेम संपवून सावलीला पळालो, मुलगा तर टाचांवर नाचत होता, आणि बाबा आपले निवांत चाललेत. मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, बघ बाबांची श्रद्धा. कसली श्रद्धा, त्यांना चटका लागतच नव्हता!

दुसऱ्या दिवशी सकाळी चादर काढायला गेले तर पायथ्याशी एक पिवळसर डाग, रुपयाएवढा, कडेने सुकून कडक झालेला. मला वाटलं रात्री औषध सांडलं असेल. मग सहज तळवे बघितले तर उजव्या अंगठ्याखाली मोठा फोड येऊन फुटलेला आणि कातडं नुसतं लोंबत होतं. मी ओरडलेच, बाबा दुखत नाही का, तर म्हणाले, "ना गो, कायच दुखना." आणि खरंच दुखत नव्हतं, तेच वाईट.

डॉक्टरांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. बरीच वर्षं शुगर वाढलेली राहिली की पायाच्या नसा खराब होत जातात, सुरुवात बोटांच्या टोकांपासून. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची जळजळ होते, मग कधीतरी मुंग्याही थांबतात आणि माणसाला वाटतं चला, बरं झालं. बाबांनाही तसंच वाटलं होतं, दोन वर्षांपूर्वी. उन्हात तापलेली दगडी फरशी ५० अंशांच्याही वर जाते, आपला पाय ती लगेच ओळखतो आणि आपण उडी मारतो, ज्याला कळतच नाही तो चालत राहतो. वर रक्तपुरवठाही कमी झालेला असला तर जखम भरता भरत नाही. बाबांची भरायला अडीच महिने गेले, एक दिवसाआड ड्रेसिंग आणि त्या पायावर भार द्यायचा नाही. भाटात (माडा-पोफळीच्या बागेत) गेल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही त्या माणसाला सोप्यावर बसवून ठेवणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत.

हे एकट्या आमच्या घरचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. आयसीएमआरच्या (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था) २०२३ साली आलेल्या अभ्यासात मधुमेहाचं, म्हणजे शुगरचं, प्रमाण देशात सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के, म्हणजे मोठ्या माणसांत चारातला एक. आता कुठल्याही देवळात रविवारी दुपारी रांगेत उभी असलेली माणसं मोजा.

एक टेस्ट डॉक्टरांनी शिकवली ती सगळ्यांनी घरी करून बघा, पैसे पडत नाहीत. शुगरवाल्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर आपलं बोट एक-दोन सेकंद नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत, आणि कळलं की त्यांनी सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय डॉक्टरांना दाखवा. बाबांना सहापैकी एकच कळलं. माझी सासू (तिला शुगर नाही) सहाही बरोबर सांगून वर विचारते, बक्षीस काय?

तेव्हापासून रात्री जेवणं झाली की बाबांचे तळवे टॉर्च घेऊन बघायचे, हे काम नातवाचं. आता पावसात तर जास्तच बघावं लागतं, कारण पाय दिवसभर ओले आणि बोटांच्या बेचक्यात चिखल्या. तिथे टॉवेल नीट फिरवून कोरडं करायचं, क्रीम किंवा तेल लावायचं ते टाचांना, बेचक्यात नाही. आमच्याकडे भेगांना भिरंडाचं (कोकमाचं) तेल गरम करून लावायची पद्धत, ते आता मी आधी माझ्या हातावर बघते कारण बाबांना गरम किती ते कळणारच नाही. पायाला झालेलं कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कुरुपाच्या पट्ट्याही नाही, त्यातल्या ॲसिडने चांगलं कातडंसुद्धा जातं. चप्पल मागे पट्टा असलेली, कारण साधी चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता नसतो, आणि घालायच्या आधी हात घालून बघायचं आत खडाबिडा नाही ना. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेली नवी कोरी सँडल कपाटात पडून होती, ती आता रोज तासभर करत घालून झाली.

पण घरी सगळं केलं तरी देवळात चप्पल काढावीच लागते आणि ती काढायला आमची हरकतही नाही. डॉक्टर म्हणाले जाड सुती मोजे घाला. जखम भरल्यावर ते घालून गेलो तर एका ठिकाणी मोजे काढायला लावले, सगळ्यांसमोर, बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यानंतर ते देवळात जायला बघत नाहीत, घरच्या देव्हाऱ्यालाच नमस्कार करतात.

म्हणून सगळ्या देवस्थान समित्यांना हात जोडून विनंती आहे. जत्रेला मंडप घालता, कोणी मंत्री येणार असेल तर कार्पेट अंथरता, मग चैत्र-वैशाखात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची एक लांब चटई टाकायला काय जातं, दुपारी तिच्यावर दोनदा पाणी मारलं की झालं. चप्पल स्टँडपाशी एक बाकडं ठेवा, म्हातारी माणसं एका पायावर उभी राहून बकल काढतात आणि शेजाऱ्याला धरतात. आणि शुगरवाल्याला उन्हाळ्यात मोजे घालू द्या (पावसाळ्यात नको, ओल्या फरशीवर मोज्याने घसरून पडायची भीती). पुढच्या चैत्राला अजून बरेच महिने आहेत, आणि चटईला पैशांची अडचण असेल तर पहिली पावती आमच्या घरच्या नावाने फाडा.

आपली,
एक वाचक, डिचोली