चावी आली, पण गोदामातल्या कार्डाची

दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : नवा मीडिया सर्व्हर बसवताना झालेली चूक आणि त्यामुळे रद्द करावा लागलेला खेळ

महोदय,

ठाणे पश्चिमेतल्या आमच्या एकपडदा चित्रपटगृहात आपल्या इंजिनिअरने ११ आणि १२ तारखेला नवा सर्व्हर बसवला. पहिल्या दिवशी लावलेलं मीडिया ब्लॉकचं (सिनेमाचं कुलूप उघडून चित्र प्रोजेक्टरला देणारं) कार्ड प्रोजेक्टरशी ‘मॅरेज’, म्हणजे सुरक्षित जोडणी, करायलाच तयार होईना, म्हणून दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड आणलं. इथवर तक्रार नाही, यंत्र आहे, बिघडतं. ट्रेलर लावून दाखवला, ‘चालतंय’ म्हणाले, आम्ही सही केली. त्या ट्रेलरला कुलूपच (एन्क्रिप्शन) नव्हतं, तो कुठल्याही कार्डावर चालला असता.

नव्या सिनेमाचा डीसीपी (सिनेमाच्या डिजिटल फाइलींचा संच) गुरुवारी दुपारी सर्व्हरवर चढवला. रात्री पावणेदहाला केडीएम, म्हणजे त्याचं कुलूप उघडणारी डिजिटल चावी, आला, पण सर्व्हर तो घेईना. आमचे ऑपरेटर रिळांच्या काळापासूनचे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून केडीएममधला सिरीयल नंबर वाचला, मग टॉर्च मारून कार्डावरचा. शेवटचे चार आकडे वेगळे! आपल्या माणसाने वितरकाला सर्टिफिकेट (कार्डाची डिजिटल ओळख) पाठवलं होतं ते मंगळवारच्या कार्डाचं. केडीएम ज्या कार्डाच्या सर्टिफिकेटवर बनतो, त्याच कार्डावर उघडतो. म्हणजे आमच्या सिनेमाची चावी आली खरी, पण तिचं कुलूप आपल्या गोदामात पडून होतं.

करारात चोवीस तास मदत लिहिली आहे. रात्री अकरापर्यंत सात फोन केले. इंजिनिअर नाशिकच्या वाटेवर, हेल्पलाइनवर तक्रारीचा ‘तिकीट नंबर’ तेवढा मिळाला. सकाळी आम्हाला खरी तिकिटं परत घ्यावी लागली. शुक्रवार, त्यात बालदिन. सव्वाबाराच्या खेळाची १८६ तिकिटं, १६० रुपये दराने २९,७६० रुपये खिडकीतून परत दिले. एक आजी नातवाला घेऊन कळव्याहून आल्या होत्या. त्यांना केडीएम काय समजावणार? शेवटी नव्या कार्डाचं सर्टिफिकेट ऑपरेटरनेच सर्व्हरमधून काढून वितरकाला मेल केलं. अडीचला नवा केडीएम आला आणि साडेतीनचा खेळ वेळेवर लागला. जे काम दुपारपर्यंत आमच्या माणसाने केलं, ते आपल्याला बुधवारी का जमलं नाही?

बाकीचंही अर्धवटच आहे. टाइम झोन लावलेलाच नाही, त्यामुळे वेळापत्रक साडेपाच तास मागे दिसतं. मध्यंतराच्या क्यूला (सर्व्हरच्या आपोआप इशाऱ्याला) हॉलमधले दिवे लागत नाहीत. ऑपरेटर दर खेळाला धावत जाऊन बटण दाबतो. ॲडमिनचा पासवर्डही अजून दिलेला नाही, त्यामुळे हे आम्ही स्वतः दुरुस्त करू म्हटलं तरी हात बांधलेले.

२९,७६० रुपये वार्षिक देखभालीच्या बिलातून वजा करावेत. जुन्या कार्डाचं सर्टिफिकेट रद्द समजावं, असं सर्व वितरकांना आपल्या कंपनीकडूनच लेखी कळवावं आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी. गुरुवारी, २० तारखेला दुपारी बाराच्या आत माणूस पाठवून उरलेलं काम पूर्ण करावं. शुक्रवारी पुन्हा नवा सिनेमा आहे. या वेळी कुलूप असलेला सिनेमा लावून दाखवल्याशिवाय आम्ही कागदावर सही करणार नाही.

आपला,
व्यवस्थापक
(सोबत : दोन्ही कार्डांच्या स्टिकरचे फोटो, परताव्याचा हिशोब, फोनची नोंद)